बॅकअपसाठी टेप ड्राइव्ह: भरवशाचा कसा ओळखायचा?

या भागात जे बोललो ते इथे थोडं आवरून-सावरून लिहून काढलंय. आजच्या विषयात आकडे बरेच आहेत आणि ऐकताना ते निसटतात. इथे निवांत बघा.

तर झालं असं, की कोल्हापूरकडच्या एका श्रोत्यांचा निरोप आला. त्यांचा लग्नं, मुंजी आणि सांस्कृतिक कार्यक्रमांच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. गेल्या काही वर्षांचं मिळून साधारण ६० टीबी फुटेज साठलंय. सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, डिस्क कपाटात, आणि प्रत्येक गोष्टीची एकच प्रत. परवा त्यातली एक डिस्क लावली तर नुसती टकटक वाजते, उघडत नाही. त्यांनी विचारलंय, "दादा, टेप ड्राइव्ह घ्यावा म्हणतो. भरवशाचा कुठला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक मोठी गोष्ट दडलीय. बिल हरवलं तर पुन्हा छापता येतं. लग्न काही पुन्हा लागत नाही. त्या व्हिडिओतले आजी-आजोबा आता असतील-नसतील. म्हणून "कुठली कंपनी घेऊ" एवढ्यावर न थांबता जरा मुळापासून बघू.

टेप अजून आहे का?

आहे, आणि चांगली धडधाकट आहे. आयबीएमने १९५२ साली ७२६ नावाचं टेप यंत्र आणलं, तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली आणि काही लोकांचे मेलबॉक्स रिकामे दिसायला लागले. गुगलकडे त्या डेटाच्या अनेक प्रती डिस्कवर होत्या, पण गडबड त्या प्रतींपर्यंतही पोचली. शेवटी मेल परत आले ते टेपवरून. कारण टेप ड्राइव्हच्या बाहेर, कपाटात होती. सॉफ्टवेअरचा हात तिथे पोचतच नाही.

टेपचं खरं बळ हेच. रॅन्समवेअर आलं, कुणी चुकून फोल्डर उडवलं, विजेचा दाब वाढून सर्व्हर जळाला, तरी कपाटातल्या टेपला त्याची खबरही लागत नाही. शिवाय नुसती पडून असलेली टेप वीज खात नाही आणि तिच्यात बिघडायला मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बोर्ड नसतं. ते सगळं ड्राइव्हमध्ये असतं. हार्ड डिस्कमध्ये मात्र डेटा आणि यंत्र एकाच डबीत. यंत्र गेलं की डेटाही अडकला. आपल्या श्रोत्यांचं नेमकं तेच झालं.

प्रकार कोणता? एलटीओ. बास.

जुन्या बाजारात अजूनही ट्रॅव्हन, डीडीएस, डीएलटी असे ड्राइव्ह दिसतात. स्वस्त असतात. घेऊ नका. १९९९ च्या डीडीएस-४ टेपवर २० जीबी मावायचे, म्हणजे आज फोनवर काढलेले दोन-चार व्हिडिओ. आणि मुख्य म्हणजे या प्रकारांच्या टेप, सुटे भाग, दुरुस्ती करणारी माणसं, सगळंच दुर्मीळ झालंय.

आज घ्यायचा तो एलटीओ, म्हणजे लिनिअर टेप-ओपन. आयबीएम, एचपी आणि सीगेट या तीन कंपन्यांनी मिळून हे मानक ठरवलं आणि २००० साली पहिली पिढी आली. 'ओपन' या शब्दाला इथे महत्त्व आहे. एका कंपनीच्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्या कंपनीच्या, त्याच पिढीच्या ड्राइव्हवर वाचता येते. उद्या तुमचा ड्राइव्ह मेला तर पुण्या-मुंबईत कुणाचा तरी ड्राइव्ह वापरून डेटा काढता येतो. भरवशाची पहिली पायरी ही.

आणि "कुठल्या कंपनीचा" या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. आजच्या एलटीओ ड्राइव्हचं आतलं यंत्र मुख्यतः आयबीएमचं असतं. एचपीई, क्वांटम, डेल हे आपापल्या नावाने ते विकतात. टेप बनवणाऱ्या कंपन्याही मोजून दोन, फुजीफिल्म आणि सोनी. त्यामुळे डब्यावरचं नाव बघण्यापेक्षा वॉरंटी किती, बिघडल्यावर बदली ड्राइव्ह किती दिवसांत मिळणार आणि आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस कोण देणार, हे लेखी घ्या.

पिढी निवडताना फसू नका

एलटीओच्या पिढ्या आणि एका टेपवर मावणारा खरा डेटा असा आहे:

एलटीओ-५ (२०१०): १.५ टीबी
एलटीओ-६ (२०१२): २.५ टीबी
एलटीओ-७ (२०१५): ६ टीबी
एलटीओ-८ (२०१७): १२ टीबी
एलटीओ-९ (२०२१): १८ टीबी
एलटीओ-१० (२०२५): ३० टीबी

आता दुकानात एलटीओ-९ च्या टेपवर "४५ टीबी" असं लिहिलेलं दिसेल. तो आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून काढलेला आहे. हिशेबाच्या वह्या, मजकूर, डेटाबेस दाबले जातात. पण व्हिडिओ, जेपीईजी फोटो, झिप फायली आधीच दाबलेल्या असतात. त्यांच्यासाठी १८ म्हणजे १८. स्टुडिओवाल्यांनी मोठा आकडा बघायचाच नाही.

दुसरी गोष्ट, कोणता ड्राइव्ह कोणती टेप वाचतो. एलटीओ-७ पर्यंत नियम सोपा होता. ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचा आणि मागच्या एका पिढीवर लिहायचा. एलटीओ-८ पासून हे बदललं. एलटीओ-८ फक्त ७ आणि ८ वाचतो. एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. आणि एलटीओ-१० तर मागचं काहीच वाचत नाही, फक्त स्वतःच्या टेप. म्हणजे "नवा घेतला की जुनं सगळं चालेल" हा समज आता सोडून द्या. कुणी विक्रेता तसं सांगत असेल तर त्याला पिढीचे आकडे विचारा.

हे एवढं ठासून का सांगतोय? नासाच्या लुनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राचे फोटो पाठवले. ते मोठमोठ्या टेपवर साठवले गेले. टेप टिकल्या. पण त्या वाचणारी ॲम्पेक्स कंपनीची एफआर-९०० यंत्रं जगातून जवळजवळ नाहीशी झाली. नासात काम केलेल्या नॅन्सी इव्हान्स यांनी अशी काही बंद पडलेली यंत्रं जपून ठेवली होती म्हणून बरं. कॅलिफोर्नियात एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या इमारतीत बसून एका चमूने ती यंत्रं दुरुस्त केली आणि २००८ मध्ये चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचा तो प्रसिद्ध फोटो टेपवरून पुन्हा मिळवला. धडा सरळ आहे: टेप ३० वर्षं टिकेल, पण ती वाचणारा ड्राइव्ह चालू स्थितीत कुणाकडे असेल? म्हणून दर दोन पिढ्यांनी, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांनी, जुना डेटा नव्या टेपवर उतरवायचा खर्च आत्तापासूनच धरून ठेवा.

ड्राइव्ह आत काय करतो?

एलटीओ ड्राइव्हमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारा हेड असतो. लिहिलेलं तो लगेच वाचून बघतो. नीट उमटलं नसेल तर तेवढा भाग पुढे पुन्हा लिहिला जातो. साध्या हार्ड डिस्कवर अशी पडताळणी आपोआप होत नाही. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच डेटा कुलूपबंद करायची, म्हणजे एन्क्रिप्शनची सोय आहे. पण लक्षात ठेवा, चावी हरवली तर टेप असून नसल्यासारखी. चावीची एक प्रत कागदावर छापून लॉकरमध्ये ठेवा.

आता टेपच्या प्रवासाचा अंदाज घ्या. एलटीओ-९ ची टेप १,०३५ मीटर लांब. ती पूर्ण भरायला या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० फेऱ्या होतात. गुणाकार केला तर साधारण २९० किलोमीटर. म्हणजे पुण्याहून मुंबईला जाऊन परत यायचं, आणि तेही केसापेक्षा कितीतरी अरुंद पट्ट्यावरून न घसरता! एवढं अचूक यंत्र आहे म्हटल्यावर धूळ, उष्णता आणि धक्के त्याला का सोसत नाहीत हे वेगळं सांगायला नको.

पण ड्राइव्हला खरं दमवणारी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे हळू येणारा डेटा. टेप एका ठराविक वेगाने धावते. डेटा कमी वेगाने आला तर ड्राइव्ह स्वतःचा वेग कमी करतो, पण त्यालाही खालची मर्यादा आहे. नव्या पिढ्यांमध्ये ती सेकंदाला साधारण १०० एमबीच्या वर असते. डेटा त्याहून हळू आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, पुन्हा थांबते. बुटाला पॉलिश मारताना ब्रश मागे-पुढे होतो ना, अगदी तसं. याला 'शू-शायनिंग'च म्हणतात. वेळ वाया जातो, टेप झिजते, हेडही झिजतो. "टेप ड्राइव्ह दोन वर्षांत गेला" अशा तक्रारी ऐकू येतात तेव्हा आधी बघायचं ते हे.

उपाय काय? जुनी यूएसबी डिस्क किंवा एक गिगाबिटचं नेटवर्क जेमतेम ११०-१२० एमबी देतं. त्यावरून थेट टेपवर लिहू नका. आधी सगळं कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर किंवा दोन-चार डिस्कच्या रेडवर गोळा करा आणि तिथून टेपवर एका दमात ओता. स्वयंपाकात सगळी चिराचिरी आधी करून मग फोडणी घालतो, तसंच.

हाफ-हाइट की फुल-हाइट?

ड्राइव्ह दोन आकारांत मिळतो. एलटीओ-९ चा फुल-हाइट सेकंदाला ४०० एमबी लिहितो, हाफ-हाइट ३००. फुल-हाइट रोज तासन्‌तास चालणाऱ्या डेटा सेंटरसाठी. आठवड्यातून एक-दोन टेप लिहिणाऱ्याला हाफ-हाइट पुरे. ३०० च्या वेगाने १८ टीबीची टेप भरायला जवळपास १७ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी लावली की दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल. एवढा वेळ लाइट जाणार नाही याची खात्री हवी. यूपीएस हा इथे टाळता येणारा खर्च नाही, ड्राइव्हच्या किमतीतच धरा.

एलटीओ-९ बद्दल एक जास्तीची गोष्ट. कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मोजमापं घेतो. त्याला सरासरी ४० मिनिटं आणि कधी कधी दोन तासही लागतात. ड्राइव्ह अडकला म्हणून घाबरून बंद करू नका. त्याचं काम चालू असतं.

जोडणीसाठी कॉम्प्युटरमध्ये एसएएस कार्ड लागतं. साधं एचबीए कार्ड घ्या, रेड कार्ड नको. बऱ्याच रेड कार्डांना टेप ड्राइव्ह दिसतच नाही. मॅकवाल्यांसाठी थंडरबोल्टचे डबे मिळतात, पण महाग पडतात.

पैशांचा हिशेब

इथे भावनेने नाही, पेन घेऊन बसायचं. उदाहरणासाठी गोल आकडे धरू. तुम्ही तुमच्या विक्रेत्याचे भाव घाला. समजा ड्राइव्ह, कार्ड वगैरे मिळून ४ लाख रुपये. टेप दर टीबीला ५०० रुपये आणि हार्ड डिस्क दर टीबीला २,००० रुपये. म्हणजे टेपवर दर टीबीमागे १,५०० वाचतात. ४ लाख भागिले १,५०० म्हणजे साधारण २६७ टीबी. एवढं लिहून झालं की ड्राइव्हचे पैसे सुटले. पण प्रत्येक गोष्टीच्या दोन टेप करायच्या असतात, म्हणून मूळ डेटा साधारण १३३ टीबी असेल तेव्हा टेप परवडायला लागते.

आपल्या श्रोत्यांकडे आज ६० टीबी आहे. दरवर्षी २५-३० ची भर पडत असेल तर अडीच-तीन वर्षांत ते तिथे पोचतील. भर फारशी पडत नसेल तर नवा ड्राइव्ह घेणं महागात जाईल. मग दोन वाटा उरतात. एक, गावातल्या तीन-चार स्टुडिओंनी मिळून एक ड्राइव्ह घ्यायचा, टेप ज्याच्या त्याच्या. दुसरी, ज्यांच्याकडे ड्राइव्ह आहे अशा एखाद्या पोस्ट-प्रॉडक्शनवाल्याकडून पैसे देऊन टेप लिहून घ्यायच्या. दोन्हीत कमीपणा नाही.

जुना ड्राइव्ह घ्यायचा असेल तर

कंपन्यांमधून निघालेले एलटीओ-५, ६, ७ ड्राइव्ह बाजारात येतात. त्यात चांगला माल असतो, पण तपासून घ्यायला हवा.

एक, ड्राइव्ह मोठ्या टेप लायब्ररीतून काढलेला आहे का ते विचारा. तसे ड्राइव्ह सुटे चालतीलच असं नाही. काहींना स्वतःचा पंखा नसतो, काहींची जोडणी फायबर चॅनलची असते. आपल्याला सुटा, एसएएस जोडणीचा हवा.

दोन, कंपनीचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून बघा. आयबीएमचं आयटीडीटी, एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स. ड्राइव्ह किती तास चालला, किती टेप घातल्या, चुका किती झाल्या हे त्यात कळतं. विक्रेता हे करू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

तीन, समोर एक टेप पूर्ण लिहून, पूर्ण वाचून बघा. पाच मिनिटांचा डेमो काहीच सांगत नाही. एलटीओ-६ ला यासाठी एका बाजूने सव्वाचार तास लागतात. डबा घेऊन जा, पण तेवढं बसा.

चार, ड्राइव्ह जुना चालेल, टेप मात्र नव्याच घ्या. आणि कुणी "टेप डिगॉस करून कोरी केलीय" म्हटलं तर ती टेप कचऱ्यात गेली असं समजा. एलटीओ टेपवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच उमटवलेल्या असतात. चुंबकाने त्या पुसल्या की टेप पुन्हा कधीच वापरता येत नाही.

पाच, तुमच्या पिढीच्या टेप पुढेही मिळतील का बघा. फुजीफिल्म आणि सोनीच्या पेटंटच्या भांडणात २०१९ मध्ये एलटीओ-८ च्या टेपचा जगभर तुटवडा पडला होता. ऑगस्टमध्ये समेट झाला तेव्हा कुठे पुरवठ्याचा मार्ग मोकळा झाला. हाताशी वर्षभराच्या कोऱ्या टेप असाव्यात.

आपला पावसाळा आणि टेप

दीर्घकाळ ठेवायच्या टेपसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. आता कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ५० टक्के आर्द्रता कुठून आणणार? घरच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवर पांढरी बुरशी धरलेली अनेकांनी पाहिली असेल. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि डब्यात एक स्वस्तातला आर्द्रता मीटर, एवढं कराच. सिलिका जेल दर पावसाळ्याआधी बदला. टेप त्यांच्या खोक्यात उभ्या ठेवा. गार खोलीतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, एक दिवस तिथल्या हवेत राहू द्या. हातातून पडलेली टेप तर न तपासता घालूच नका. आतली पिन सरकलेली असेल तर ती ड्राइव्हलाही घेऊन बुडते.

सफाईची टेप ड्राइव्हने मागितली तरच घाला. दर सोमवारी उदबत्ती लावल्यासारखी नको. ती हेडवर घासूनच सफाई करते.

आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या ऑफिसात मूळ डेटा आणि बॅकअप एकाच कपाटात असेल तर अशा दिवशी दोन्ही एकदमच भिजणार. फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम इथेच कामाला येतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत बाहेरगावी.

वाचून बघितलं नाही तर बॅकअप नाही

जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. वेळ आली तेव्हा त्यातली एकही नीट चालत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत कुणीतरी सहज काढून ठेवलेली सापडली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण कोण?

म्हणून दर तीन महिन्यांनी कपाटातली कुठलीही एक टेप काढा, त्यातलं एक लग्न परत डिस्कवर उतरवा आणि व्हिडिओ चालवून बघा. लिहितानाच प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवला असेल तर तपासणी आपोआप होते. एलटीओ-५ पासून एलटीएफएस आहे, त्यामुळे टेप पेन ड्राइव्हसारखी फोल्डर दाखवते आणि ठराविक बॅकअप सॉफ्टवेअरशी तुम्ही बांधले जात नाही. स्टुडिओसाठी मी तेच सुचवेन. फक्त हजारो बारीक फायली असतील तर आधी एकत्र बांधून घ्या, नाहीतर फार हळू चालतं. आणि कोणत्या टेपवर काय आहे याची यादी टेपच्या बाहेर, दोन ठिकाणी ठेवा.

तर आमच्या कोल्हापूरच्या मित्राला उत्तर काय? दादा, ड्राइव्ह नंतर. आज, अगदी या आठवड्यात, जे एकाच डिस्कवर आहे त्याची दुसरी प्रत काढा, मग ती साध्या हार्ड डिस्कवर का असेना. टकटक करणारी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. मग वर्षाला किती टीबी वाढतं ते मोजा. वाढ मोठी असेल किंवा भागीदार मिळाले तर एलटीओ-८ किंवा ९ चा हाफ-हाइट, एसएएस जोडणीचा, वॉरंटीसकट घ्या. तुमचे ६० टीबी एलटीओ-९ च्या चार टेपवर बसतील. दोन प्रती म्हणजे आठ टेप. एका बुटाच्या खोक्यात मावतील.

तुमच्याकडे कुठली पिढी चालू आहे, पावसाळ्यात टेप कशा सांभाळता, ते जरूर कळवा. कुणाच्या गावात भाड्याने टेप लिहून देणारं कोणी असेल तर तेही सांगा, आपल्याच मंडळींच्या उपयोगी पडेल. भेटू पुढच्या भागात. तोवर, बॅकअप घ्या, आणि वाचूनही बघा!